‘साल्सा’ या नावाचा अर्थ काय, आणि ते संगीताला कसे पडले?

माझ्याकडे तालवाद्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. साल्सा म्हणजे टोमॅटोची चटणी, मग एका संगीतप्रकाराला हे नाव का पडले? ते नेमके कुणी दिले? आणि क्यूबाचे जुने वादक या नावावर इतके नाराज का असत? गेली पंचवीस वर्षे मी तुंबादोरा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट कोंगा म्हणतात ते वाद्य, वाजवतो आणि शिकवतो. या काळात हे प्रश्न मला सुटे सुटे अनेकांनी विचारले आहेत. तिने ते एकत्र विचारले हे बरे झाले, कारण नाव कुणी दिले हे सांगितल्याशिवाय त्यावर राग का होता हे कळत नाही, आणि शब्दाचा अर्थ नीट लावल्याशिवाय पहिल्या दोन्ही गोष्टींचा उलगडा होत नाही.

शब्दापासून सुरुवात करतो. स्पॅनिश भाषेत ‘साल्सा’ म्हणजे पदार्थाला चव आणणारा रस, रस्सा किंवा सॉस. हा शब्द लॅटिनमधील ‘साल’, म्हणजे मीठ, या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘मीठ घातलेली’ असा आहे. इंग्रजीतील सॉस आणि सॅलड हे शब्दही याच मिठाच्या घरातले आहेत. पण स्पॅनिशमध्ये मीठ हे केवळ स्वयंपाकातले मीठ राहिलेले नाही. एखाद्याच्या बोलण्या-चालण्यात ‘साल’ आहे असे म्हटले, की त्याच्या वागण्यात लज्जत आहे असा अर्थ होतो. मीठदाणीसाठी जो शब्द आहे, ‘सालेरो’, तोच नर्तकीच्या ठसक्यासाठीही वापरतात. आणि ज्याच्यात मीठ नाही तो ‘सोसो’, म्हणजे अळणी, कंटाळवाणा माणूस. मराठी माणसाला यात काहीच परके वाटू नये. आपणही रटाळ भाषणाला अळणी म्हणतो, आणि संस्कृतात तर ‘लवण’ म्हणजे मीठ आणि त्याच ‘लवण’पासून ‘लावण्य’. लावण्य या शब्दाचा अक्षरार्थ खारटपणा असाच आहे, आणि तरीही तो सौंदर्याचा शब्द झाला. लावणी या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत, पण ती लावण्याशी जोडणारे अभ्यासक बरोबर असतील, तर हजारो मैलांवरच्या दोन नृत्यगीतांची नावे मिठातच मुरलेली आहेत. या दोन भाषांनी मिठाकडून सौंदर्याकडे जाण्याचा रस्ता आपापल्या बळावर काढला आहे, आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो.

इथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण नृत्यवर्गांमधून तो फार पसरला आहे. साल्सा हे संगीत ‘तिखट’ आहे, झणझणीत आहे, म्हणून त्याला साल्सा म्हणतात, असे सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मेक्सिकन उपाहारगृहातील मिरची-टोमॅटोची चटणी असते. परंतु हा शब्द संगीतात आला तो मेक्सिकोतून नव्हे, तर क्यूबा आणि पोर्तो रिको या कॅरिबियन बेटांच्या बोलीतून, आणि तिथल्या रोजच्या जेवणात तिखटाला फारसे स्थान नाही. तिथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘सोफ्रितो’: कांदा, लसूण आणि ढोबळी मिरचीच्या जातीची सौम्य मिरची, बहुधा टोमॅटोसह, तेलात मंद परतून केलेले वाटण. त्याची तुलना करायचीच झाली तर आपल्या ठेच्याशी करू नये. कांदा-खोबऱ्याचे वाटण रश्श्याला जो दाटपणा आणि खमंगपणा देते, त्याच्याशी करावी. त्यामुळे वादकाला ‘साल्सा घाल’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ ‘जाळ काढ’ असा होत नाही; ‘चव आण, नुसते कोरडे वाढू नकोस’ असा होतो.

हा अर्थ एका गाण्यात अगदी स्वच्छ दिसतो. इग्नासियो पिन्येरो हे हवानाचे संगीतकार. १९२७ मध्ये त्यांनी ‘सेप्तेतो नासिओनाल’ हा सात वादकांचा ताफा उभा केला आणि ‘सोन’ हा पूर्व क्यूबातून राजधानीत आलेला गानप्रकार शहरी श्रोत्यांच्या घराघरांत नेला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचे त्यांचे ‘एचाले साल्सिता’ हे गाणे आहे. या शब्दांचा अर्थ ‘त्यावर जरा साल्सा घाल की’. गाण्याचा निवेदक रात्री भटकायला म्हणून हवानाबाहेर पडतो आणि कातालिना दे ग्विनेस या गावी पोहोचतो. तिथे ‘कोंगो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विक्रेत्याच्या बुतिफारा, म्हणजे मसालेदार मांसाच्या सॉसेजेस, प्रसिद्ध आहेत. त्या खाऊन तो इतका खूश होतो की पुढचे सगळे गाणे त्या चवीच्या कौतुकात रंगते आणि ध्रुपद ही जणू गिऱ्हाईकाची हाक होऊन जाते. ‘साल्सा’ असा रोखठोक शब्द न वापरता ‘साल्सिता’ असे लाडिक लघुरूप वापरले आहे, हेही लक्षात घ्यावे; आपण ‘जरासं मीठ’ म्हणताना आवाजात जो लाघवीपणा आणतो, तो त्यात आहे. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन १९३२ मध्ये हवानाला गेले होते आणि या गाण्यातील सुरावट त्यांनी त्याच वर्षी आपल्या ‘क्यूबन ओव्हर्चर’ या वाद्यवृंदरचनेत घेतली. अनेक पुस्तकांत ‘साल्सा’ या नावाचा जन्म या गाण्यात झाला असे लिहिलेले आढळते. मी तसे म्हणणार नाही. पिन्येरो आपल्या संगीताला साल्सा म्हणत नव्हते. ते त्याला सोनच म्हणत. मात्र चव आणि वादन यांच्यासाठी एकच शब्द वापरण्याची सवय या गाण्याआधीपासून लोकांच्या जिभेवर होती, आणि गाण्याने तिला सूर दिला, एवढे खात्रीने म्हणता येते.

पुढची तीसेक वर्षे हा शब्द नाव म्हणून वावरत नव्हता. वाजवता वाजवता दिलेली ती आरोळी होती. आपल्या मैफलीत ‘क्या बात है’ किंवा तमाशात ‘जी जी रं’ उमटते तशी ‘साल्सा!’, ‘साबोर!’ म्हणजे ‘चव!’, किंवा ‘आसुकार!’ म्हणजे ‘साखर!’, अशा हाका वादनाच्या भरात उमटत. यांपैकी शेवटची हाक पुढे सेलिया क्रूझ या थोर गायिकेची ओळखच बनली. या सगळ्या हाका स्वयंपाकघरातल्या आहेत हे सहज नजरेत भरते. मग हळूहळू हाकेचे लेबल होऊ लागले. १९५० च्या दशकाच्या मध्याला क्यूबन गायक चेओ मार्केत्ती यांनी आपल्या ताफ्याच्या नावातच ‘सालसेरोस’, म्हणजे साल्सावाले, हा शब्द घेतला. १९६२-६३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पुपी लेगारेता यांची ‘साल्सा नोवा’ आणि पियानोवादक चार्ली पाल्मिएरी यांची ‘साल्सा ना मा’ ही ध्वनिमुद्रणे आली, तर ‘जो क्यूबा’ नावाच्या वादकाच्या ताफ्याचे ‘साल्सा इ बेम्बे’ हे गाणे गाजले. बेम्बे म्हणजे आफ्रो-क्यूबन धर्मपरंपरेतील देवतांसाठी ढोल वाजवून केला जाणारा उत्सव. म्हणजे स्वयंपाकघर आणि देवघर एकाच शीर्षकात आले.

आता दुसरा प्रश्न: नाव कुणी दिले? याचे एका व्यक्तीच्या नावाने उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. प्रामाणिकपणे पाहिले तर दोन शहरांचे हक्क मानावे लागतात, आणि त्यात पहिले शहर न्यूयॉर्क नसून व्हेनेझुएलाची राजधानी काराकास आहे, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. तिथे फिदियास दानिलो एस्कालोना हे रेडिओ निवेदक १९६० च्या दशकाच्या मध्याला दुपारच्या जेवणाच्या वेळी एक कार्यक्रम करत, आणि त्याच्या नावात ‘साल्सा’, ‘चव’ आणि ‘बेम्बे’ हे तिन्ही शब्द होते. त्यात क्यूबन आणि न्यूयॉर्कची नृत्यगीते वाजत. त्याच शहरात १९६६ मध्ये फेदेरिको बेतांकूर यांच्या ‘कोम्बो लातिनो’ या ताफ्याची ‘येगो ला साल्सा’, म्हणजे ‘साल्सा आली’, ही तबकडी निघाली. या शीर्षकाचे व्याकरण नीट पाहा. इथे कुणी ‘जरा साल्सा घाल’ म्हणत नाही. साल्सा हे कर्ता झाले आहे, ते स्वतः चालत आले आहे, आणि ते काय आहे हे ऐकणाऱ्याला समजेल असे गृहीत धरलेले आहे. माझ्या मते हाकेचे नाव झाल्याचा सर्वांत स्पष्ट लेखी पुरावा हाच आहे.

तरीही हे नाव जगभर पोहोचवले ते न्यूयॉर्कनेच, आणि त्यासाठी तिथली परिस्थिती समजून घ्यावी लागते. १९५९ मध्ये क्यूबात क्रांती झाली, १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेने क्यूबाशी राजनैतिक संबंध तोडले आणि १९६२ मध्ये व्यापारबंदी जाहीर केली. तोवर हवाना आणि न्यूयॉर्क यांच्यात वादकांची आणि तबकड्यांची सतत ये-जा होती. ती जवळजवळ थांबली. पॅलेडियम हे मांबो या क्यूबन नृत्यसंगीताचे प्रसिद्ध नृत्यगृह १९६६ मध्ये बंद झाले. ईस्ट हार्लेम आणि साउथ ब्राँक्समध्ये वाढलेल्या पोर्तोरिकन तरुणांनी काही काळ ‘बुगालू’ हे इंग्रजी-स्पॅनिश मिश्रण उचलून धरले, पण दशक संपता संपता तेही ओसरले. मागे उरले ते मुळात क्यूबन घडणीचे, पण आता प्रामुख्याने पोर्तोरिकन हातांनी वाजवलेले, ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या खरखरीत आवाजाचे, जॅझची सुरावट अंगात मुरलेले शहरी संगीत, ज्याला सर्वमान्य नाव नव्हते. ‘क्यूबन संगीत’ म्हणणे अवघड झाले होते, आणि सोन, ग्वाराचा, मांबो, चा-चा-चा, बोलेरो अशी प्रत्येक प्रकाराची वेगळी नावे दुकानाच्या एका फळीवर मावणारी नव्हती.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेले वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुच्ची यांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या फानिया या ध्वनिमुद्रण कंपनीने ही फळी भरली. तिच्या दोन चित्रपटांची शीर्षके शेजारी ठेवली, की नावाचा निर्णय नेमका केव्हा पक्का झाला ते कळते. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ‘चीता’ या क्लबमध्ये फानियाच्या निवडक वादकांचा जो कार्यक्रम झाला, त्यावरचा १९७२ चा चित्रपट ‘अवर लॅटिन थिंग’, स्पॅनिशमध्ये ‘नुएस्त्रा कोसा’, म्हणजे ‘आपली गोष्ट’, या नावाने आला. ज्याला नाव नसते त्यालाच माणूस ‘आपलं ते’ म्हणतो. २४ ऑगस्ट १९७३ रोजी यांकी स्टेडियमवर ४०,००० हून अधिक श्रोत्यांसमोर याच वादकांचा कार्यक्रम झाला, आणि त्यातील चित्रण असलेला पुढचा चित्रपट १९७६ मध्ये आला तेव्हा त्याचे शीर्षक एकाच शब्दाचे होते: ‘साल्सा’. मधल्या काळात फानियाच्या तबकड्यांची मुखपृष्ठे रेखाटणारे इझी सानाब्रिया यांनी ‘लॅटिन न्यूयॉर्क’ या मासिकातून आणि १९७३ च्या ‘साल्सा’ याच नावाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून हा शब्द लावून धरला, आणि पियानोवादक लॅरी हार्लो यांनी १९७४ मधल्या तबकडीलाही हेच नाव दिले. शब्द रस्त्यावरचा होता. त्याचा फलक या मंडळींनी रंगवला.

यातूनच तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. तीतो पुएंते हे न्यूयॉर्कमध्येच पोर्तोरिकन आई-वडिलांच्या पोटी जन्मलेले आणि टिंबाल्स या जोडढोलांचे बादशहा. साल्सा ही जेवणावर घालायची वस्तू आहे, आपण आचारी नसून वादक आहोत, अशा आशयाचे ते आयुष्यभर बोलत राहिले. क्यूबन गायक माचितो यांनी १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपला वाद्यवृंद उभा केला होता. ज्याला आता साल्सा म्हणता ते मी कित्येक दशके वाजवत आलो आहे, असे त्यांचे म्हणणे. ही कुरकुर म्हाताऱ्या वादकांचा हेकटपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण संगीताच्या अंगाने ती खरी आहे, आणि ते कुणालाही घरी बसून पडताळता येते.

त्रितालाच्या सोळा मात्रा सावकाश मोजा आणि १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर टाळी द्या. पहिली आणि तेरावी या टाळ्या त्रितालातही असल्यामुळे तिथे हात आपोआप पडतो. मधल्या तीन ठिकाणी तो प्रथम अडखळेल, आणि दहा-बारा आवर्तनांनंतर डोलायला लागेल. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, दुसऱ्या आठांत दोन. यालाच सोनची ‘क्लावे’ म्हणतात. टिपऱ्यांसारख्या, पण त्याहून आखूड आणि जाड अशा दोन लाकडी दांड्यांवर ती वाजवतात आणि त्या दांड्यांनाही क्लावेच म्हणतात. स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली, उलगडा. हे दोन अर्ध उलटे करून दोन-तीन असेही वाजवतात, पण गाणे एकदा ज्या बाजूने सुरू झाले ती बाजू वादकांना सांभाळावी लागते. पियानो, बास, घंटा आणि गायकाची शब्दफेक हे सारे तिच्याभोवती बसवलेले असते. हाच पाच ठोक्यांचा सांगाडा पिन्येरो यांच्या काळच्या सोनमध्ये आहे, १९४० च्या दशकात क्यूबन संगीतकार आर्सेनियो रोद्रिगेस यांनी तुंबादोरा, पियानो आणि अनेक ट्रंपेट घालून भरदार केलेल्या सोनमध्ये आहे, आणि फानियाच्या तबकड्यांमध्येही आहे. सांगाडा तोच असताना नाव मात्र नवे दिले, तर सांगाडा घडवणाऱ्याला राग येणार नाही का?

त्या रागाला पैशांची बाजूही होती. त्या काळच्या तबकड्यांवर क्यूबात राहिलेल्या संगीतकारांच्या रचना वाजवल्या गेल्या, तेव्हा रचनाकाराच्या नावाच्या जागी अनेकदा ‘डी. आर.’ ही दोन अक्षरे छापलेली दिसतात. त्यांचा विस्तार ‘देरेचोस रेसेर्वादोस’, म्हणजे ‘हक्क राखीव’. हक्क कुणाचे आणि राखले कुणासाठी, हे त्यावर लिहिलेले नसे. मी अशी तबकडी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा त्या दोन अक्षरांच्या जागी कुणाचे तरी नाव असायला हवे होते हे मला माहीत नव्हते. ते कळल्यापासून ती अक्षरे दिसली की मी आधी रचनाकार शोधतो आणि मगच ते गाणे विद्यार्थ्यांना ऐकवतो.

पण वादाची दुसरी बाजूही तितक्याच कळकळीने मांडायला हवी, आणि माझा कल शेवटी तिच्याकडे आहे. न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन वस्त्यांनी हे संगीत नुसते उचलले नव्हते. पियानोवादक एडी पाल्मिएरी यांनी १९६१ पासून ट्रॉम्बोनला जे स्थान दिले, ट्रॉम्बोनवादक विली कोलोन आणि पोर्तो रिकोच्या पोन्से शहरातून आलेले गायक एक्तोर लाव्हो यांनी गल्लीबोळांतील जगण्याचा जो कडवटपणा त्यात आणला, पोर्तो रिकोच्या ‘बोम्बा’ आणि ‘प्लेना’ या तालांना जी जागा मिळाली, आणि पनामाचे रुबेन ब्लाडेस यांनी १९७८ च्या ‘सिएम्ब्रा’ या तबकडीत गाण्याला कथनाची जी खोली दिली, ते सारे हवानाच्या सोनमध्ये नव्हते. या मंडळींना असे नाव हवे होते ज्यात कुठल्याही एका देशाचा झेंडा नसेल. ‘सोन’ म्हटले की क्यूबा, ‘प्लेना’ म्हटले की पोर्तो रिको, ‘मेरेंगे’ म्हटले की डॉमिनिकन रिपब्लिक; ‘साल्सा’ म्हटले की मात्र फक्त चव, आणि चवीवर कुणाचाच मालकी हक्क नसतो. कोलंबियाचे काली हे शहर स्वतःला साल्साची राजधानी म्हणवते ते याच बळावर. सोनची राजधानी म्हणवण्याचा हक्क त्याला कुणी दिला नसता. व्यापाऱ्यांनी हा शब्द विक्रीसाठी उचलला हे खरे, पण तो टिकला तो परक्या शहरात एकत्र राहणाऱ्या अनेक देशांच्या लोकांना त्यात एकत्र बसता आले म्हणून.

पुढे विरोधही निवळत गेला. माचितो यांच्या १९८२ च्या ज्या तबकडीला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तिच्या शीर्षकात त्यांच्या वाद्यवृंदाला ‘साल्सा बिग बँड’ म्हटले आहे. क्यूबात सरकारी वर्तुळात हा शब्द बरीच वर्षे चोरीचा माल मानला गेला. पण १९८३ मध्ये व्हेनेझुएलाचे गायक-बासवादक ओस्कार देलेओन यांनी तिथे कार्यक्रम केले आणि क्यूबाचीच जुनी गाणी नव्या जोमाने गायली, तेव्हा तिथल्या तरुणांना आपल्या आजोबांचे संगीत परत ऐकावेसे वाटले. एवढे होऊनही तिथे या नृत्याला ‘कासिनो’ म्हणण्याची जुनी सवय कायम आहे.

आपल्याकडचा एक धागाही इथे जोडतो, कारण तो नावाच्या वयाचा पुरावा आहे. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्र यांनी लॅटिन ठेका वापरला, गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा ताफा त्यात पडद्यावर दिसतो, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात बाँगो-कोंगा रुळवण्यात कावस लॉर्ड यांचा वाटा मोठा होता. मला पहिले धडे देणारे गोवेकर वादक याच जगातले. त्यांच्या तोंडी मी रुंबा, सांबा, मांबो हे शब्द रोज ऐकले. ‘साल्सा’ हा शब्द एकदाही ऐकला नाही. ते हातांनी जे वाजवत होते त्यातले बरेच काही आज साल्साच्या वर्गात शिकवले जाते, पण ते शिकले तेव्हा हे नाव जन्मालाच आले नव्हते.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी वापराची एक साधी पद्धत सांगतो. आर्सेनियो रोद्रिगेस किंवा पिन्येरो यांची रचना वाजवत असाल तर कार्यक्रमपत्रिकेवर ‘सोन’ लिहा आणि पुढे रचनाकाराचे पूर्ण नाव लिहा. क्यूबन वाद्यवृंदनायक पेरेस प्रादो यांचे काही वाजवत असाल तर ‘मांबो’ लिहा. कोलोन, लाव्हो, ब्लाडेस यांचे वाजवत असाल तर निःशंकपणे ‘साल्सा’ लिहा. आणि तालमीत सगळे ठोके जागच्या जागी पडूनही वादन कोरडे वाटले, तर हा शब्द मूळ जसा वापरला जात होता तसा, आरोळी म्हणून, खुशाल द्या.